टाचण वहीतला मराठवाडा

पुढच्या आठवड्यात कोणत्या तासिकेला काय शिकवायचे, याची शिक्षकाने आधीच करून ठेवलेली लेखी नोंद म्हणजे टाचण. जूनमध्ये वार्षिक नियोजन होते, त्यातून घटक नियोजन निघते आणि शेवटी ते आठवड्याच्या टाचणात उतरते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत इतिहास व नागरिकशास्त्राच्या टाचणाला वेगळे महत्त्व आहे. पाठ्यपुस्तक साऱ्या राज्याला एकच असते. त्यात मराठवाड्याच्या वाट्याला थोडी पाने येतात. ती कधी आणि किती शिकवायची, हे टाचणातच ठरते.

मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हा प्रश्नच वेगळा होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारी माध्यमिक शिक्षणही उर्दूतूनच चाले. मराठी घरातले मूल इतिहास परक्या भाषेत शिके. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेने वेगळी वाट धरली. पुढे निजामाविरुद्धच्या हैदराबादच्या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेत शिक्षक होते. पण राज्यात प्रजा होती, नागरिक नव्हते. त्यामुळे नागरिकशास्त्राला पायाच नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाची राजवट संपली आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. मराठी माध्यम झाले आणि नागरिकाचे हक्क हा वर्गात शिकवायचा विषय झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. निजामकाळापासूनची सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे आली. ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हे नाव मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यात दिसते ते त्यामुळेच. याच काळात विचारवंत नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत होते. पुढे पीपल्स कॉलेजात गेल्यावरही हैदराबादच्या लढ्याचा अर्थ लावण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

बालभारतीची स्थापना १९६७ मध्ये झाली आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अभ्यासक्रम एकसारखा झाला, तशी टाचणाची चौकटही ठरून गेली. बी.एड.ला शिकवली जाणारी हर्बार्टची पंचपदी आणि ब्लूमची उद्दिष्टे वहीत उतरली: घटक, उपघटक, उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, स्वाध्याय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक आणले आणि त्यांच्यासाठी आणखी एक रकाना आला. २०१० पासून आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापन सुरू झाले. पुढे ‘उद्दिष्टां’ची जागा ‘अध्ययन निष्पत्तीं’नी घेतली. रकाने बदलले, मुख्याध्यापकांच्या सहीची जागा मात्र खाली तशीच राहिली.

या चौकटीतली खरी अडचण आठवीच्या वर्गात दिसते. इतिहासाच्या पुस्तकात चौदा पाठ आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्राम येतो तो तेराव्या पाठात, ‘स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती’मध्ये. क्रमाने गेल्यास हा पाठ दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्राच्या शेवटी निघतो. १७ सप्टेंबरला मात्र शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन असते. तेव्हा मुले इंग्रज राजवटीच्या पाठांत असतात आणि आपण झेंडा कशासाठी लावला, हे त्यांना पुस्तकातून अजून कळलेले नसते. म्हणून जाणता शिक्षक त्या आठवड्याच्या टाचणात क्रम मोडून हा पाठ आधी घेतो.

त्या आठवड्याच्या तीन तासिकांची आखणी अशी करता येते. पहिल्या तासिकेला फळ्यावर दोन तारखा: १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८. मधले तेरा महिने नांदेड-लातूर कुठे होते, एवढाच प्रश्न. दुसऱ्या तासिकेला नांदेड जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर उमरीची खूण, कारण तिथली बँक जानेवारी १९४८ मध्ये लढ्यासाठी लुटली गेली. तिसरी तासिका सर्वांत नाजूक. निजामाची राजवट टिकवण्यासाठी शस्त्र धरलेल्या रझाकारांचा नेता कासिम रझवी लातुरात वकिली करत असे, हे इथल्या मुलांना घरी ऐकायला मिळते. त्याच तासाला शोएबुल्ला खान यांचे नाव टाचणात असायलाच हवे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे संपादक रझाकारांविरुद्ध लिहीत राहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. हे नाव घेतले की लढा दोन धर्मांचा नव्हता, हे एकाच बाकावर बसलेल्या हिंदू-मुसलमान मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

आठवीच्या नागरिकशास्त्राला जवळची उदाहरणे आयती मिळतात. ‘राज्यशासन’ शिकवताना शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांतले. ‘भारताची संसद’ शिकवताना १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर. दहावीच्या २०१८ च्या पुस्तकाने इतिहासालाही अशी वाट करून दिली. ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ या पाठासाठी कंधार, औसा, उदगीर हे किल्ले एसटीने जाऊन-येऊन पाहता येतात. उदगीरला १७६० मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले होते. मात्र परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्राचे मिळून चाळीसच गुण असल्याने दहावीच्या वर्षात सहलीपेक्षा सरावाला जास्त तासिका जातात.

अलीकडे छापील टाचण वह्या विकत मिळतात आणि भरलेली टाचणे मोबाइलवर फिरतात. लिहिण्याचा वेळ वाचतो, हे खरे. पण ती साऱ्या राज्यासाठी एकच असल्याने त्यांत तेरावा पाठ तेराव्याच जागी असतो. १७ सप्टेंबरच्या आठवड्यात त्याला वर आणण्याचे काम अजूनही नांदेड-लातूरच्या शिक्षकाला स्वतःच्या हाताने करावे लागते.