बिनखर्चाची सहल

वर्गणी भरता आली नाही म्हणून एखादे मूल सहलीला मुकते, याचे फार वाईट वाटते. पण सहलीला पैसा लागतोच असे कोठे आहे? पुण्याचेच पाहा ना. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात जायला तिकीट नाही. आठव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी काळा खडक कोरून लेणे काढले आणि अंगणात वाटोळा नंदीमंडप तसाच खडकात उभा राखला. काम मात्र अपुरे राहिले. मुलांना विचारा, "छिन्नी कोठे थांबली?" ती आपणहून शोधू लागतील. मग पर्वती चढा. पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेब पेशव्यांनी तेथेच देह ठेवला. भाकरी बरोबर असली म्हणजे झाले. अन् हो, पुणे लांब असेल, तर आधी आपल्याच गावचे देऊळ, बारव अशाच डोळ्यांनी पाहा.