विल्यम मॉरिस : निळीत हात बुडवणारा नक्षीकार

कापडाच्या धंद्यात नक्षी कुणी काढली याची चौकशी सहसा कुणी करत नाही. व्यापारी मीटरचा भाव विचारतो, गिऱ्हाईक रंग पक्का आहे का एवढेच विचारते. नक्षी काढणारा एकीकडे, ठसा कोरणारा दुसरीकडे, रंगारी तिसरीकडे आणि विकणारा चौथीकडे, अशी आपली रीत. ही चारही कामे एका छताखाली आणणारा एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव विल्यम मॉरिस (१८३४–१८९६). त्यांच्या नक्षीचे कापड आजही बाजारात खपते. आपल्या छपाईवाल्या आणि व्यापारी बांधवांनी त्यांची वाट समजून घ्यावी अशी आहे.

बागेतून ठशावर

मॉरिस यांनी १८६१ मध्ये मित्रांबरोबर भागीदारीत घरसजावटीच्या वस्तूंची पेढी काढली. १८६२ मध्ये त्यांनी भिंतीला लावायच्या कागदासाठी पहिली नक्षी काढली. त्यांच्या घराच्या बागेत जाळीच्या मांडवावर गुलाब चढवलेले होते, तीच ही नक्षी. धातूच्या पत्र्यावर ती कोरून तेलरंगात स्वतः छापण्याचा प्रयत्न फसला. मग लाकडी ठसे कोरून घेतले आणि छपाईचे काम जाणकार कारखान्याला दिले. पुढे पाने, वेली, पक्षी हीच त्यांची दौलत झाली. लहानपणापासून जवळ असलेला वनस्पतींचा जुना ग्रंथ आणि नदीकाठची झाडे हे त्यांचे उस्ताद. मात्र पान जसेच्या तसे उतरवणे म्हणजे नक्षी नव्हे. ठशाला ठसा जुळला तरी जोड दिसू नये आणि वेल वाढतच चालली आहे असे वाटावे, ही खरी हुन्नर.

कारागिराकडे तालीम

१८७३ मध्ये त्यांनी ट्यूलिपची फुले आणि विलोची पाने यांची कापडासाठी नक्षी केली. ती बाहेरच्या कारखान्यातून छापून आली, पण निळा रंग मनासारखा उतरला नाही. त्या काळी रासायनिक रंगांनी बाजार काबीज केला होता. स्वस्त आणि भडक, पण त्यांतले बरेच लवकर उडणारे. मॉरिस यांनी तक्रार करत बसण्याऐवजी रंगकाम शिकायचे ठरवले. १८७५ पासून ते लीक गावच्या थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊ लागले. हिंदुस्थानी टसर रेशीम रंगवण्यात वॉर्डल यांचा हातखंडा होता. तिथे मॉरिस यांनी निळीच्या हौदात स्वतः हात घातले. पेढीचा मालक कोपरापर्यंत निळा होऊन घरी परतत असे.

स्ट्रॉबेरीचे चोर

१८८१ मध्ये त्यांनी लंडनजवळ मर्टन ॲबी येथे वँडल नदीकाठी स्वतःचा कारखाना घेतला. नदीचे पाणी रंगाला मानवणारे होते. तिथे निळीची डिस्चार्ज छपाई बसली. त्याची रीत अशी : आधी अख्खे कापड निळीच्या हौदात बुडवायचे. बाहेर काढताना ते हिरवट दिसते आणि हवा लागताच निळे होते. मग रंग काढणारे द्रव्य ठशाने लावायचे. ते तेज असेल तिथे कापड पांढरे होते, सौम्य असेल तिथे फिकट निळे राहते. मोकळ्या जागेत लाल आणि पिवळा भरायचा. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा आपोआप मिळतो.

१८८३ ची त्यांची प्रसिद्ध नक्षी याच रीतीने झाली. खेड्यातल्या त्यांच्या घराच्या बागेत पक्षी स्ट्रॉबेरी चोरून खात. हे चोरच त्यांनी कापडावर बसवले आणि नक्षीला नावही ‘स्ट्रॉबेरी चोर’ असेच दिले. एका मालाला कित्येक दिवस लागत, त्यामुळे पेढीच्या छापील कापडांत ते फार महागांपैकी होते. तरीही ते खपले. दहा वर्षे अडून राहिलेली ट्यूलिपची नक्षीही मर्टनच्या निळीत मनासारखी उतरली.

किंमत आणि हक्क

एक सल मात्र राहिली. १८८३ मध्येच मॉरिस समाजवादी चळवळीत दाखल झाले, पण त्यांचा माल श्रीमंतांच्याच घरी जात होता. हातकामाला वेळ लागतो आणि वेळेचे दाम द्यावे लागतात. हा पेच त्यांना सुटला नाही, आपल्यालाही सुटलेला नाही. पण दाम कमी करण्यासाठी रंग हलका करणे त्यांनी मान्य केले नाही.

डोळस कारागीर दुसऱ्याच्या कामालाही दाद देतो. ९४६ हिजरीत विणलेला इराणचा अर्दबील गालिचा १८९३ मध्ये लंडनच्या संग्रहालयाने विकत घेतला, तो मॉरिस यांच्या शिफारशीवरून.

व्यापारी म्हणून त्यांची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नक्षी बाजारात उतरवताना ते तिची सरकारदरबारी नोंद करून घेत. आपल्याकडे २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नव्या नक्षीला १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. अट एवढीच की नक्षी जाहीर होण्याआधी अर्ज झाला पाहिजे. आपले छपाईवाले नवा ठसा कोरतात, पहिला ताका बाजारात जातो आणि थोड्याच दिवसांत तीच नक्षी दुसऱ्याच्या गाठोड्यात दिसते. तेव्हा ताका दुकानात पाठवण्यापूर्वी अर्ज करावा. आणि नक्षी काढणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक दिवस तरी रंगाच्या हौदावर उभे करावे.