न उघडलेल्या तीन मतपेट्या

न्यूयॉर्क राज्यात १७९२ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. १७७७ पासून त्या पदावर असलेले जॉर्ज क्लिंटन आणि अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन जे यांच्यात सामना होता. जूनमध्ये निकाल लागला : क्लिंटन ८,४४०, जे ८,३३२. फरक अवघा १०८ मतांचा, आणि त्यात ऑट्सिगो, टायोगा व क्लिंटन या तीन काउंट्यांची मते धरलेलीच नव्हती. हा निकाल नियमाला धरून होता असे अनेकांनी म्हटले. मला तो मतदारांवरचा उघड अन्याय वाटतो, आणि त्याचे मूळ मोजणीच्या पद्धतीतच होते.

मते गावात मोजायची नाहीत, असा कायदा होता. गावोगावच्या मतपत्रिका शेरीफकडे जायच्या, त्याने त्या एका पेटीत बंद करून राज्याच्या सचिवाकडे पोचवायच्या आणि विधिमंडळातल्या बारा जणांच्या समितीने त्या मोजायच्या. म्हणजे सबंध काउंटीचे मत एका माणसाच्या नेमणूकपत्रावर टांगलेले. ऑट्सिगोचे शेरीफ रिचर्ड स्मिथ यांची मुदत संपली होती. नवा शेरीफ नेमला गेला होता, पण त्याने अजून शपथ घेतली नव्हती. पेटी स्मिथ यांनीच पाठवली. टायोगाची पेटी आणणारा वाटेत आजारी पडला, म्हणून ती दुसऱ्याने पोचवली. क्लिंटन काउंटीची पेटी आणणाऱ्याकडे लेखी अधिकारपत्र नव्हते. एवढ्यावरून समितीच्या बहुमताने तिन्ही पेट्या बाद केल्या आणि मतपत्रिका जाळण्यात आल्या. जे यांचे पारडे जड होते ते ऑट्सिगोत.

नियम ढिला सोडला तर पेटीत कोणीही हात घालेल, हा आक्षेप हलका नाही. समितीने राज्याच्या दोन सिनेटरांचा सल्ला मागितला तेव्हा ॲरन बर यांनी ऑट्सिगोची मते बाद ठरवली, तर रूफस किंग यांनी ती धरावीत असे सांगितले. पण स्मिथ शेरीफ नव्हते असे मानले, तर त्या दिवसांत ऑट्सिगोत शेरीफच नव्हता, आणि तिथल्या मतदाराला मत पोचवायला कायदेशीर वाटच उरत नव्हती. शेरीफ नेमणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष तर खुद्द गव्हर्नर क्लिंटन होते! त्या ढिलाईची शिक्षा मतदाराने का भोगावी? ऑट्सिगोचे मोठे जमीनदार विल्यम कूपर यांनी मतदारांवर दबाव आणल्याचा आरोपही पुढे केला जातो. तो गंभीर होता, त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण पेटी बाद झाली ती त्या कारणाने नव्हे.

जे यांनी समर्थकांना शांत राहायला सांगितले आणि १७९५ मध्ये, स्वतः इंग्लंडमध्ये असतानाच, ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यामुळे आधीची चूक भरून निघाली, असे मात्र म्हणता येणार नाही. गव्हर्नरची मुदत तीन वर्षांची होती, आणि तेवढा काळ तीन काउंट्यांवर असा माणूस राज्य करत होता ज्याच्या बाजूचे किंवा विरोधातले त्यांचे एकही मत कोणी वाचले नव्हते.