संगीतपटातील प्रेम आणि बारीचा हिशेब

मराठी चित्रपटातील एखाद्या प्रतिष्ठित पुरुषाने प्रेमात पडायचे ठरवले की पटकथाकार त्याला हमखास तमाशाच्या कनातीकडे पाठवतो. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'मध्ये तो कवी आहे. १९५० च्या 'पठ्ठे बापूराव'मध्ये तो कुलकर्णपण सोडून आलेला शाहीर आहे. १९७२ च्या 'पिंजरा'मध्ये शाळामास्तर आहे आणि २०२२ च्या 'चंद्रमुखी'मध्ये राजकीय पुढारी. पंचाहत्तर वर्षांत पुरुषाचा पेशा बदलत गेला, स्त्री मात्र त्याच बोर्डावर, त्याच चाळांत उभी आहे. या चित्रपटांतील गाणी, नाच, छायाचित्रण यांवर भरपूर लिहून झाले आहे. मला येथे त्यांतील प्रेमकथेचा विचार करायचा आहे. जिथे ही प्रेमकथा घडते ती जागा स्त्रीच्या रोजच्या कमाईची जागा असते आणि नेमकी ही गोष्ट प्रेमकथा झाकून टाकते, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. पॅरिसमध्ये माँमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी १८८९ साली 'मुलाँ रूज' नावाचे नाचघर उघडले. नावाचा अर्थ लाल पवनचक्की. जोसेफ ओलेर आणि शार्ल झिडलेर हे त्याचे मालक. दारू, गाणे आणि पाय उंच फेकत केला जाणारा कॅनकॅन नाच ही तिथली मिळकत. या नाचघरावर बाझ लुहरमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने २००१ साली संगीतपट काढला. आठ ऑस्कर नामांकनांपैकी त्याला दोन पुरस्कार मिळाले, कलादिग्दर्शनाचा आणि वेशभूषेचा. कथा थोडक्यात अशी : ख्रिश्चन हा गरीब इंग्रज लेखक पॅरिसला येतो, नाचघरातील सातीन या नर्तकीवर त्याचे प्रेम बसते, तिला विकत घेऊ पाहणारा एक ड्यूक आडवा येतो आणि शेवटी ती क्षयाने मरते. ती मेल्यावर ख्रिश्चन टंकलेखन यंत्रापुढे बसून ही कथा लिहितो. म्हणजे आपण जे पाहतो ते त्याने सांगितलेले आहे. मरणारी ती, लेखक तो.

लुहरमन भारतात आला असताना त्याने हिंदी चित्रपट पाहिला आणि तो थक्क झाला, हे त्याने स्वतः सांगितले आहे. त्यामुळे या पॅरिसच्या गोष्टीत आपला देश दोनदा येतो. नाचघरात जे नाटक बसवले जाते त्यात हिंदुस्थानातील गणिका, गरीब सतारिया आणि दुष्ट महाराजा आहेत, आणि १९९८ च्या 'चायना गेट' चित्रपटातील 'छम्मा छम्मा' गाण्याचा तुकडाही त्यात वापरला आहे. आपल्याकडची नाचणारी बाई पॅरिसच्या कथेला रंग द्यायला बरी चालते!

आता त्या खऱ्या नाचघरातील एक खरी बाई पाहा. लुईझ वेबर, धोबिणीची मुलगी. 'ला गुल्यू' म्हणजे खादाड, हे तिचे बोर्डावरचे नाव. मुलाँ रूजची ती सर्वांत प्रसिद्ध नर्तकी. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ साली तिचे भित्तिपत्रक काढले आणि त्या कागदाने चित्रकार अजरामर झाला. ती मात्र १९२९ साली दारिद्र्यात मेली. तिचा जन्म १८६६ चा. आपल्या पठ्ठे बापूरावांचा जन्मही १८६६ चाच आणि १९४५ साली पुण्यात त्यांचा अंतही हलाखीतच झाला. योगायोग आहे, त्यावर सिद्धांत बांधण्याचे कारण नाही. परंतु लुहरमनला लुईझ वेबरची कथा नायिकेसाठी पुरेशी वाटली नाही. दारिद्र्यात म्हाताऱ्या होणाऱ्या बाईवर गाणे बसत नाही. क्षयाने तरुणपणी मरणाऱ्या बाईवर बसते.

'पिंजरा'ची वंशावळही युरोपातूनच येते. हाइनरिख मान या जर्मन लेखकाच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून १९३० साली 'द ब्लू एंजल' हा चित्रपट निघाला. शिस्तीचा भोक्ता असलेला प्राध्यापक रात्रीच्या मद्यालयातील गायिकेच्या नादी लागतो आणि विदूषक होऊन संपतो, ही त्याची कथा. मार्लेन डीट्रिख त्या चित्रपटाने जगप्रसिद्ध झाली. व्ही. शांताराम यांनी हाच सांगाडा मराठी मातीत रोवला. मद्यालयाच्या जागी तमाशाचा फड, प्राध्यापकाच्या जागी गावाला वळण लावणारे गुरुजी. डॉ. श्रीराम लागू गुरुजी, संध्या चंद्रकला. जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांचे संगीत आजही जत्रेत वाजते. चित्रपटाच्या शेवटी गुरुजी आपल्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात आणि शिक्षा पत्करतात, कारण गावाच्या मनातील आदर्श गुरुजींचा पुतळा फुटता कामा नये.

मीही मास्तरच आहे. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस. त्यामुळे या चित्रपटाने मला कोणाच्या बाजूला बसवले आहे हे मला बरोबर कळते. पडद्यावरचे गुरुजी पहिल्यांदा फडात पाऊल टाकतात तेव्हा प्रेक्षकाच्या छातीत धस्स व्हावे अशी योजना आहे. घसरतो तो पुरुष. पिंजऱ्यात अडकतो तोही पुरुष. ती बाई तर आधीपासूनच तिथे आहे, तिचे घसरणे कोणी चित्रित केलेले नाही, कारण ती जन्मतःच घसरलेली आहे असे गृहीत धरलेले आहे. जातिव्यवस्थेने माणसाविषयी जे गृहीत धरावे तेच पटकथेने येथे धरले आहे.

दोन वर्षांपूर्वी वर्गात या चित्रपटावर चर्चा चालली होती. मुले गुरुजींच्या त्यागाविषयी बोलत होती. एका मुलीची आई पार्टीत उभी राहते, हे वर्गात फारसे कोणाला ठाऊक नव्हते, मला होते. ती शेवटी म्हणाली, "सर, मास्तरला नोकरी होती म्हणून ती सोडता आली. चंद्रकलेने काय सोडायचं होतं?" मी त्या तासाला आणखी काही शिकवले नाही.

मी लोणी देवकरचा. आमच्या गावावरून पुणे-सोलापूर रस्ता जातो. पुण्याच्या अंगाला गेले की दौंड तालुक्यात चौफुला येतो. सोलापूरच्या अंगाला इंदापूर आणि भीमेचा पूल ओलांडून टेंभुर्णी मागे टाकली की मोडनिंब येते. दोन्ही ठिकाणी संगीत बारीची कला केंद्रे आहेत आणि आमचे गाव मध्ये आहे. येथील माणसांना ती रस्त्यावरच्या पाट्यांवरून ठाऊक असतात. काहींना त्याहून अधिक ठाऊक असतात, पण ते सांगत नाहीत.

शहरी वाचक तमाशा म्हणजे एकच प्रकार समजतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण. ढोलकी फडाचा तमाशा गावोगाव फिरतो, त्यात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो. नारायणगावचे फड त्या परंपरेतील. संगीत बारी एका जागी बसलेली असते. तिच्यात वग नाही, लावणी आणि अदाकारी आहे. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात आणि एकीमागून एक बोर्डावर येतात. पार्टी बायकांची, बहुधा एका घरातल्या किंवा नात्यातल्या, आणि सोबत पेटीवाला, ढोलकीवाला, तबलजी. तिकिटाचा जाहीर कार्यक्रम झाला की खरी कमाई बैठकीत. गिऱ्हाईक खोली घेते, फर्माईश करते, वर दौलतजादा. या पैशातून मालकाचा वाटा जातो, वाजवणाऱ्यांचा जातो, लुगडी, चाळ, दागिने, औषधपाणी जाते, आणि उरलेल्यावर मागे गावाकडे एक अख्खे घर बसलेले असते. तिचे भाऊ, भावजया, त्यांची पोरे. कोल्हाटी घरांत नाचणारी लेक लग्न करीत नाही आणि भावाची बायको नाचत नाही. लेकीच्या पायावर सुनेची अब्रू उभी राहते, अशी ही व्यवस्था. कोणत्याही संगीतपटात मी ही भावजय पाहिलेली नाही.

मुलाँ रूजच्या तोडीची जागा आपल्याकडे शोधायची तर पुण्याचे आर्यभूषण किंवा मुंबईत लालबागचे हनुमान थिएटर घ्यावे लागेल. लालबागच्या थिएटरचा प्रेक्षक म्हणजे गिरणी कामगार. सातारा, सांगली, नगर, पुणे जिल्ह्यांतून आलेला, बायको गावी ठेवून खोलीत दाटीने राहणारा. १९८२ च्या संपाने गिरणगाव उठले आणि त्याच्याबरोबर हा प्रेक्षकही उठला. बारी मग हमरस्त्यांवर सरकली, जिथे ट्रक थांबतात आणि उसाचा पैसा येतो. मालक, जमीन, वाहतूक आणि पीक यांचा हा इतिहास आहे. चित्रपटात मात्र बाई केवळ नायकाची वाट पाहण्यासाठी तिथे उभी असते.

प्रेम तिथे घडतच नाही असे मी म्हणत नाही. बापूराव आणि पवळा यांचे नाव आजही एकत्र घेतले जाते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी आणि संगमनेर तालुक्यातील हिवरगावची महार कुटुंबातील पवळा. तमाशात नावारूपाला आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती. तिच्या आधी स्त्रीचे सोंग नाच्या पोरे घेत. बापूरावांनी जात सोडली हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे पान ठरले. परंतु पवळाला सोडायला जात कुठे होती? ती तर तिच्याबरोबर बोर्डावरही येत होती. पुढे दोघांचे बिनसले. बापूरावांच्या नावाने चित्रपट निघाला, पवळाच्या वाट्याला त्यातील एक पात्र आले.

येथे आपल्या चळवळीलाही एका गोष्टीकडे पाहावे लागेल. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिगत आपल्यात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आपल्या बहिणींना नाचवून आलेला पैसा नको, हा त्यामागचा भाव. १९३६ साली परळच्या सभेत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांना तो जीवनक्रम सोडण्याचे आवाहन केले, तेही याच विचारातून. मी या नकाराच्या बाजूचा आहे. तो पैशाला आणि ज्या जातिव्यवस्थेने ती कमाई त्यांच्या माथी मारली तिला होता. पण पुढे आपल्यातील शिकलेल्यांनी त्या नकाराचा सोयीचा अर्थ लावला आणि बाईलाच नाकारले. नोकरीत आलेल्या घरांनी तमाशातील मावशीचे नाव घेणे बंद केले. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा त्यातील अनेक मुली नाचण्याचाच पिढीजात व्यवसाय असलेल्या जमातींतून आलेल्या होत्या. त्यांच्या पोटाचा प्रश्न स्त्री संघटनांनी लावून धरला. आपल्या सभांतून त्याविषयी मी फार थोडे ऐकले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पुढे नवे कायदे आले, २०१९ मध्ये पुन्हा निकाल झाला. नीती आणि अब्रू यांची चर्चा खूप झाली. काम सुटलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी कुठे जायचे, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने विचारला तसाच उभा राहिला.

आतून सांगितलेली कथा मराठीत नाही असे मात्र नाही. अण्णा भाऊ साठे यांनी 'वैजयंता' लिहिली. अण्णा भाऊंनी स्वतः लोकनाट्य उभे केले होते, फडाची मागची बाजू त्यांना पाठ होती. तमाशातील स्त्रीला मन आहे तसा तिला हिशेबही आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही, ते त्यांच्या लेखनात गृहीतच आहे. १९६१ साली त्यावर चित्रपट निघाला. विठाबाई नारायणगावकरांची आठवण तर सर्वांना ठाऊक आहे : पोटात कळा सुरू असताना बोर्डावर नाचल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून पुन्हा उभ्या राहिल्या. ही हकिगत आपण कलेवरील निष्ठा म्हणून सांगतो. त्या रात्री खेळ बंद पडला असता तर फडातील किती चुली पेटल्या नसत्या, हे कोणी सांगत नाही.

बारीच्या बाबतीत आणखी एक उलटा व्यवहार आहे. चित्रपटाच्या संगीतकारांनी बारीतून चाली उचलल्या, वाद्यमेळ घातला आणि तबकड्या काढल्या. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा चित्रपट पुण्यात विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्यानंतर बारीतील गिऱ्हाईक चित्रपटातील लावणीचीच फर्माईश करू लागले. जुन्या बैठकीच्या लावण्या, ज्या शिकायला वर्षे लागत, मागणारे कमी झाले. ज्या बाईच्या आजीकडून चाल गेली, तिने ती पडद्यावरून पुन्हा शिकायची आणि सिनेमातील नटीसारखीच करून दाखवायची. 'पिंजरा'तील गाणी चौफुल्याला आजही मागितली जातात. बाईला पिंजऱ्याचे गाणे गावे लागते आणि गुरुजींच्या जागी बसलेला माणूस नोट काढतो.

'ब्लू एंजल', 'पिंजरा', 'मुलाँ रूज' या तिन्हींत आणखी एक गोष्ट गैरहजर आहे : मूल. प्रेम होते, ताटातूट होते, मरण येते, पण कोणाला मूल होत नाही. आमच्या गावापासून उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका आहे. तिथल्या नेरले गावच्या किशोर काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले. आई शांताबाई बारीत नाचणारी, मुलगा आजोळी, उपाशी, मार खात शिकलेला आणि शेवटी डॉक्टर झालेला. आईला 'ठेवणारे' पुरुष त्यातही येतात आणि प्रेमाची भाषाही येते. फरक इतकाच की तिकडे पुरुष निघून गेल्यानंतर कथा सुरू होते. २००७ साली अपघातात गेलेल्या या लेखकाने पुस्तकावर आपले नाव किशोर शांताबाई काळे असे छापले. बापाच्या नावाची जागा आईच्या नावाने भरली.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बापाच्या नावाआधी आईचे नाव लावणे बंधनकारक झाले आहे. माझी ती विद्यार्थिनी त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली. परीक्षेचा अर्ज तपासायला ती माझ्याकडे आली तेव्हा वडिलांच्या रकान्यात तिने मामाचे नाव लिहिले होते. आईचे नाव पुढच्या रकान्यात, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत होते. मी सही केली. पदव्युत्तर प्रवेशासाठी कोणते कागद लागतील हे तिने विचारले आणि मी ते तिला लिहून दिले.