गच्चीवरील तार : हौशी बिनतारीची ओळख

नभोवाणी म्हटली कीं बहुतेक घरांत एकच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. कोठें तरी एक मोठें केंद्र आहे, तेथून गाणें, बातम्या व भाषणें निघतात आणि घरोघर तीं ऐकलीं जातात. बोलणारा एक आणि ऐकणारे लाखों. परंतु बिनतारी विद्येचा दुसराही एक संसार आहे, आणि तो या पहिल्यापेक्षां वयानें वडील आहे. त्यांत प्रत्येक ऐकणारा हा बोलणाराही असतो. त्याचें केंद्र म्हणजे घराच्या कोपऱ्यांतलें एक टेबल, आणि त्या केंद्राचा मनोरा म्हणजे गच्चीवर दोन काठ्यांमध्यें ताणलेली तांब्याची तार. जगभर अशा माणसास ‘हॅम’ म्हणतात. मराठींत ‘हौशी बिनतारी चालक’ म्हटलें कीं अर्थ पुरा होतो. या उद्योगांतून त्याला पैसा मिळत नाहीं, व कायद्यानें तो मिळवितांही येत नाहीं. मुंबईंत नभोवाणीचें रोप लावलें तेंही हौशी मंडळींनींच. १९२३ च्या जून महिन्यांत तेथील रेडिओ क्लबानें कार्यक्रम ऐकविला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें तें त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं.

या मंडळींच्या वांट्याला लघुलहरी आल्या त्या टाकाऊ म्हणून. १९१२ सालच्या अमेरिकन कायद्यानें हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींकडे ढकलून दिलें. कारण लांबचा पल्ला गांठावयाचा तर लहरही लांबच हवी, अशी त्या काळीं तज्ज्ञांची ठाम समजूत होती. हौशी लोक मात्र प्रयोग करीत राहिले. १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडली हा अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथें समुद्रकांठीं तंबू ठोकून बसला, आणि अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचें कडकट्ट त्याच्या कानीं पडलें. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस शहरीं राहणारा लेऑन डेलॉय आणि अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं सुमारें ११० मीटरवर दुतर्फा संभाषण केलें. पुढल्याच वर्षीं, १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं, न्यूझीलंडमधील आपल्या शेतावरून फ्रँक बेल यानें लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशीं संधान बांधलें. इंग्लंडाहून याहून दूरचें ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर काढावयाचें तरी कोठें? टाकाऊ म्हणून दिलेला माल हाच खरा माल, हें कळतांच सरकारें आणि कंपन्या तिकडे धांवल्या. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर हौशी लोकांच्या हातीं अरुंद पट्टे तेवढे उरले. त्यांतील ४०, २० व १० मीटरांचे पट्टे आजही त्यांच्याकडे आहेत.

इतक्या थोड्या शक्तीवर इतकें दूर जाणें कसें साधतें, याचें उत्तर आकाशांत आहे. जमिनीपासून सुमारें ६० किलोमीटरपासून पुढें कित्येक शें किलोमीटर उंचीपर्यंत सूर्याच्या किरणांनीं विरळ हवेचे कण विद्युद्भारित होतात. या प्रदेशाला आयनांबर म्हणतात. १९२४ सालीं ॲपल्टन यानें त्याचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध केलें, व आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. लघुलहर या थरांपर्यंत जाते, तेथें वांकते आणि शेंकडों कोस दूर जमिनीवर उतरते. पण हा आरसा एकसारखा नसतो. त्याचा सर्वांत खालचा थर दिवसां सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींतील बराच अंश गिळून टाकतो, आणि सूर्य मावळला कीं तो थर विरून जातो. म्हणून ४० मीटरचा पट्टा दिवसां मुंबई, पुणें, नागपूर अशा मजलांचा असतो व रात्रीं तोच परदेशींचे आवाज आणूं लागतो. २० मीटरच्या पट्ट्याची तऱ्हा त्याहून चमत्कारिक. दुपारीं त्यावर मुंबईचा माणूस युरोपांत स्वच्छ ऐकूं येतो, पण पुण्यास त्याची चाहूलही लागत नाहीं. कारण जमिनीलगतची लहर तेथवर पोंचत नाहीं आणि आकाशांतून येणारी लहर पुण्याच्या डोक्यावरून पुढें निघून जाते. शिवाय सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याप्रमाणें १० मीटरचा पट्टा कांहीं वर्षें गजबजतो व कांहीं वर्षें ओस पडतो.

आतां तारेकडे वळावें, कारण या छंदाचा प्राण तींत आहे. नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. तो सगळा पैसा यंत्रावर घालतो आणि एरियलसाठीं उरल्यासुरल्या तारेचा तुकडा शोधतो. व्हावयास हवें याच्या अगदीं उलट. सर्वांत साधें व भरंवशाचें एरियल म्हणजे अर्ध्या लहरीचें, ज्याला डायपोल म्हणतात तें. त्याची लांबी काढण्यास १४३ या संख्येला मेगाहर्ट्झनें भागावें; उत्तर मीटरांत मिळतें. ७.१ मेगाहर्ट्झसाठीं तार होते सुमारें २० मीटर. ती मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन हात करावे, मध्यें व टोकांस चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे रोधक बांधावे, आणि मधल्या फटीपासून कोॲक्सियल केबल खालीं यंत्रापर्यंत आणावी. १४.२ मेगाहर्ट्झसाठीं हेंच माप निम्म्यावर येतें. तार प्रथम हातभर लांबच ठेवावी. आजूबाजूच्या भिंती, पत्रे व पाण्याच्या टांक्या तिच्या मापांत ढवळाढवळ करतात. म्हणून जागेवर चढवून, मोजून, दोन्ही टोकांनीं सारखी छाटीत जावी. कापलेली तार पुन्हां जोडण्यापेक्षां लांब तार कापणें केव्हांही सोपें.

शहरांतल्या गच्चीवर वीस मीटरचें अंतर सरळ मिळणें कठीण. त्यावर तोड अशी कीं, मध्याला एकच उंच काठी उभारावी आणि दोन्ही हात तंबूच्या दोरांप्रमाणें उतरते सोडावे. दोहोंमधला कोन काटकोनाहून लहान होऊं नये, एवढें पथ्य पाळावें. टोकें मात्र माणसाच्या हाताला, आणि विशेषतः पतंग उडविणाऱ्या मुलांच्या हाताला, लागणार नाहींत इतकीं उंच असावीं. बोलतेवेळीं विजेचा दाब सर्वांत अधिक असतो तो टोकांशीं. काठीला बांबू उत्तम. कोंकणपट्टींत खाऱ्या हवेनें तांबें हिरवें पडतें व सांधे कुजतात, म्हणून केबलचा जोड सोल्डर करून पाणी शिरणार नाहीं असा बंद करावा. नाहीं तर पहिल्या पावसाळ्यांतच केबल आंतून भिजते आणि दोष मात्र यंत्रावर येतो. नायलॉनची दोरी उन्हानें पिठूळ होते. ती दरवर्षीं मेच्या आरंभीं बदलावी. वीजवाहक तारांच्या वरून किंवा जवळून एरियल नेणें म्हणजे मृत्यूशीं खेळणें होय, आणि वळवाच्या दिवसांत ढग दिसतांच केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवणें ही संवय अंगीं मुरलेली बरी.

उंचीबद्दल एक गैरसमज फार आहे. एरियल उंच असावें हें दूरच्या संभाषणापुरतें खरें. ४० मीटरचा डायपोल आठ-दहा मीटर उंचीवर असला कीं त्याचा बराचसा जोर सरळ वर जातो आणि आयनांबरावरून पावसासारखा खालीं येतो. महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाशीं बोलण्यास याहून सोईचें कांहीं नाहीं. मध्यें सह्याद्रि असला तरी आड येत नाहीं. एकाच दिशेला जोर हवा असेल त्यानें यागी एरियलाचा विचार करावा. जपानांतील सेंडाई येथें यागी व उडा यांनीं १९२६ च्या सुमारास तें जगापुढें मांडलें. बोलत्या दांड्याच्या मागें किंचित् लांब व पुढें किंचित् आंखूड असे दांडे ठेवले कीं लहरी पुढें लोटल्या जातात. जुन्या दूरदर्शन संचांसाठीं घरोघर दिसणारीं एरियलें याच घराण्यांतलीं. २० मीटरसाठीं मात्र त्याचे दांडे दहा-दहा मीटरांचे होतात; वाड्याच्या कौलांवर किंवा फ्लॅटच्या गच्चीवर तें पेलणारे शेजारी विरळा.

शक्तीचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. सामान्य यंत्र १०० वॉट देतें. तें चौपट केलें, ४०० वॉटांवर नेलें, तर दूरच्या श्रोत्याच्या यंत्रावरील कांटा एक खूण तेवढा वर सरकतो. तेवढाच लाभ चांगल्या जागीं टांगलेल्या तारेनें फुकट होतो. परतलेल्या लहरींचें गुणोत्तर दाखविणाऱ्या मापकाचेंही असेंच फाजील स्तोम माजलें आहे. गुणोत्तर दोनास एक असलें तर शक्तीचा नववा हिस्सा मागें फिरतो, आणि तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. उलट केबलच्या टोकाला नुसता पन्नास ओहमांचा रोध जोडला तर मापक परिपूर्ण आंकडा दाखवितो, पण आवाज शेजारच्या वाडींतही जात नाहीं! शहरांत खरी आडकाठी असते ती गोंगाटाची. एलइडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट हीं सर्व लघुलहरींवर खरखर सोडतात. यंत्र बॅटरीवर चालवून घराचा मुख्य खटका बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरांतलाच, आणि मग एकेक खटका लावून तो पकडतां येतो.

यंत्र विकत घेतलेंच पाहिजे असें नाहीं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनीं ‘बिटेक्स’ नांवाचें एक यंत्र आंखून त्याचा नकाशा सर्वांस खुला केला. त्यांतील ट्रान्झिस्टर कोणत्याही रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांत मिळावे असे, आणि मूळच्या आराखड्यांत तारेचीं वेटोळीं गुंडाळलीं होतीं तीं नळाच्या साध्या वायसरांवर. सुमारें सहा वॉट देणाऱ्या या यंत्रावर देशोदेशींच्या लोकांनीं संभाषणें केलीं. ज्यास बांधणें जमत नाहीं त्यानें आरंभीं नुसतें ऐकावें. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जात असतां त्यांतील हौशी केंद्र १४५.८ मेगाहर्ट्झवर बोलत असलें, तर अर्ध्या मीटरच्या उभ्या दांडीवरही तें ऐकूं येतें. २००५ च्या मे महिन्यांत भारतानें सोडलेला ‘हॅमसॅट’ हा उपग्रह केवळ हौशी लोकांसाठीं होता आणि २०१४ पर्यंत त्यानें सेवा दिली.

बोलण्यास मात्र परवाना लागतो व त्यासाठीं सरकारी परीक्षा द्यावी लागते. सांकेतिक नांवावांचून बोलणें, व्यापारी निरोप देणें, गुप्त भाषा वापरणें हें सर्व मना आहे. ही कडक शिस्त कोणाला जाचक वाटते. पण हातांतल्या तारेचें सामर्थ्य काय असतें, हें मुंबईनें एकदां पाहिलें आहे. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हौशी परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टअखेर ४२.३४ मीटरवर एक अनोळखी आवाज उठला, तो काँग्रेस रेडिओचा. उषा मेहता व त्यांचे सहकारी तो चालवीत. त्याचें यंत्र जुळविण्यांत नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचा हात होता. ही लहर हौशी लोकांच्या ४० मीटर पट्ट्यांतच पडते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मंडळी सारखी घरें बदलीत, कारण पोलिसांजवळ दिशा शोधणारीं एरियलें होतीं. वेटोळ्याचें एरियल फिरवीत गेलें कीं एका स्थितींत आवाज बुडतो. ती दिशा नकाशावर रेघ म्हणून ओढावी, दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ ओढावी, आणि दोन रेघा छेदतील तेथें केंद्र. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं केंद्र पकडलें गेलें, आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. हीच शोधविद्या आज हौशी मंडळी लपविलेला छोटा प्रक्षेपक हुडकण्याच्या खेळांत वापरतात.

परवानाधारक हौशी माणसाची किंमत सरकारलाही संकटांत कळते. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें खास परवानगीनें केंद्र लावून जगभरच्या हौशी लोकांशीं बोलत होते. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि दूरध्वनि बंद पडले. गंमत म्हणून मांडलेलें केंद्र त्याच दिवशीं बेटांचा मुख्य भूमीशीं दुवा झालें. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाहीं, असे निरोप त्यावरून दिवसचे दिवस जात राहिले. अशा वेळीं लागणारी सामग्री फार नसते. १०० वॉटचें यंत्र ऐकतांना एखादा अँपिअर आणि बोलतांना वीसपर्यंत अँपिअर ओढतें. निरोप थोडक्यांत दिले तर ६० अँपिअर-तासांची मोटारीची बॅटरी दिवसभर पुरते, आणि दोन झाडांमध्यें वीस मीटर तार ताणावयास दोन माणसांना अर्धा तास लागतो.