यादी यंत्राची, जबाबदारी माणसाची

संगणकामुळे कारकुनाच्या टेबलावरचे काम जाईल, ही धास्ती मुंबईच्या कचेऱ्यांना नवी नाही. आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात संगणकाला कडाडून विरोध केला होता. पुढे केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांतील संगणकीकरणाचा करार १९८३ मध्ये झाला. आज मात्र काळाची गंमत अशी, की तीच धास्ती संगणक चालविणाऱ्यांच्याच दारी येऊन उभी राहिली आहे. लोअर परळला जेथे एके काळी गिरणीचे भोंगे वाजत, तेथील काचेच्या इमारतींत डेटाबेस रचणारे तरुण आता कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या भाषेत प्रश्न सांगतात आणि ती काही क्षणांत आज्ञावली लिहून देते.

डेटाबेस म्हणजे शिस्तीने मांडलेली खतावणी. माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला आणि त्यातूनच पुढे एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा निघाली. ही भाषा लिहिण्याचे कष्ट यंत्राने हलके केले, यात शंका नाही. परंतु नेमका प्रश्न कोणता विचारायचा आणि आलेले उत्तर खरे कशावरून मानायचे, हे ओझे तसूभरही कमी झालेले नाही. हे गिरणगावाच्याच एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचे ठरले. त्यासाठी म्हाडाकडे आलेल्या अर्जांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची आणि १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची सोडत निघाली. सप्टेंबर २०२३ पासून अर्जदारांची पात्रता तपासण्याची मोहीम हाती घेण्यात आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणे, ही पात्रतेची मुख्य अट.

अशी यादी तपासण्याचे काम एखाद्या प्रोग्रामरने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने करावयाचे ठरविले, तर काय होईल? पहिली अडचण नावांची. एकाच कामगाराचे नाव मस्टरवर दत्ताराम, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दत्तात्रय, तर आडनाव कोठे पवार, कोठे पोवार. उलटपक्षी, कोकणातल्या एकाच गावचे, एकाच नावाचे दोन कामगार एकाच गिरणीत असणे मुळीच अशक्य नाही. यंत्र नावांतील साम्य झटकन मोजते. पण साम्य म्हणजे ओळख नव्हे. गिरणीचा तिकीट नंबर, विम्याचा क्रमांक आणि गाव जुळल्याखेरीज दोन नोंदी एक करू नयेत, हा नियम माणसानेच घालून द्यावा लागतो.

दुसरी अडचण कोऱ्या रकान्याची. एसक्यूएलच्या लेखी कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, तर 'अज्ञात' होय. आणि अज्ञाताशी केलेली तुलना हो किंवा नाही असे उत्तर देतच नाही. तपासून झालेल्यांच्या यादीत एकाच कामगाराचा क्रमांक कोरा राहिला, तर 'या यादीत ज्यांचे क्रमांक नाहीत त्यांची नावे द्या' हा सरळ प्रश्न नेहमीच्या पद्धतीने लिहिल्यास एकही नाव परत देत नाही. पडद्यावर चूक उमटत नाही. सर्वांचे काम आटोपले असा भास मात्र होतो, आणि हजारो माणसे निमूटपणे बाहेर राहतात.

तिसरी अडचण मोजणीची. एका मृत कामगाराच्या तीन वारसांची नोंद असेल, तर कामगारांचा तक्ता वारसांच्या तक्त्याला जोडताच एका माणसाचे तीन होतात. 'रोजी किंवा त्यानंतर' या अटीतील 'रोजी' आज्ञावलीत उतरायचे राहिले, तर नेमक्या त्या दिवशीच ज्याची नोकरी संपली तो कामगार गळतो. आणि 'बदली' हा शब्द? सरकारी कचेरीत त्याचा अर्थ एक, गिरणीत दुसरा. गैरहजर माणसाच्या जागी साच्यावर उभा राहणारा तो बदली कामगार, हे लालबागच्या चाळीत पोरालाही ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते.

म्हणूनच जाणते लोक काही पथ्ये पाळतात. प्रथम पंचवीस-तीस नोंदी हाताने तपासून त्यांचे उत्तर आधीच लिहून ठेवायचे आणि यंत्राची आज्ञावली त्यावर पारखायची. प्रत्येक टप्प्यावर आधी किती नोंदी होत्या व नंतर किती उरल्या, याचा मेळ घालायचा. प्रयोग नेहमी नकलेवर करायचा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत अशाच एका यंत्राने, बदल करू नको असे बजावले असतानाही, चालू डेटाबेस पुसून टाकला आणि तो परत मिळणार नाही असेही ठोकून दिले. प्रत्यक्षात तो परत मिळाला. ज्याला केवळ वाचायचे आहे त्याला पुसण्याचा अधिकार देऊ नये, हा तिजोरीच्या किल्ल्यांचा जुनाच न्याय. शिवाय लोकांची नावे, पत्ते व क्रमांक बाहेरच्या यंत्राच्या हाती देण्यापूर्वी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही भान हवे. सरावासाठी बनावट नोंदी पुरतात.

वेगाचाही मोह आवरता घ्यावा लागतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६ अनुभवी प्रोग्रामरांना अशा साधनांसह काम करताना १९ टक्के अधिक वेळ लागला; त्यांची स्वतःची समजूत मात्र वेळ २० टक्के वाचला अशी होती. नमुना लहान आणि साधने त्या वेळची, हे खरे. तरी वेगाच्या भासावर विसंबू नये, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

यातला एकही धडा केवळ संगणकाचा नाही. बेरीज दोनदा घालावी, मूळ कागद पाहिल्याशिवाय शेरा मारू नये, खाडाखोडीखाली सही असावी, हे दादर-गिरगावच्या जुन्या कारकुनांनी न शिकविता पाळले. संगणकाच्या वर्गात आज्ञावली पाठ करून घेण्यापेक्षा उत्तर पडताळण्याची ही सवय विद्यार्थ्यांना लावणे आता अधिक अगत्याचे झाले आहे. कारण वर्षानुवर्षे घराची वाट पाहणारा परळचा म्हातारा कामगार आपले नाव यादीत का नाही असे खिडकीशी येऊन विचारील, तेव्हा 'यंत्राने वगळले' हे उत्तर होऊ शकत नाही. कोणत्या कागदाअभावी, कोणत्या नियमाने नाव गळले आणि त्यावर दाद कोठे मागायची, हे सांगणारा माणूस त्या खिडकीत बसलेला असला पाहिजे.