दलाल कोणाचा?

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे मधुमेहावर लेख मागितला होता. मधुमेहावर आपल्या स्मरणिकेत पुष्कळ लिहून झाले आहे आणि ते वाचूनही मंडळाच्या कोजागिरीला बासुंदीची दुसरी वाटी कोणी नाकारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून संपादकांच्या संमतीने मी एका निराळ्या दुखण्याविषयी लिहीत आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या बैठकींत औषधांइतकीच एक चौकशी वारंवार कानी येते : "कोणी चांगला एजंट माहीत आहे का हो?"

ही चौकशी करणारे बहुधा पन्नाशी-साठीचे असतात. जुन्या घराचे दगडी जिने आता गुडघ्यांना झेपत नाहीत, गल्लीत मोटार वळत नाही, मुले पुण्याला किंवा बंगलोरला स्थायिक झालेली. तळमजल्यावरचे, थोडे उजेडाचे घर हवे असते. इंदरगंज चौकात उभे राहून हाक मारली तर दहा प्रॉपर्टी डीलर धावत येतील. तरीही शहाणीसुरती, शिकलेली माणसे वर्ष-वर्ष घर शोधत राहतात आणि शेवटी कंटाळून, जे समोर येईल ते पत्करतात. मीही त्यांतलाच एक.

माझी हकीकत 2018 सालची. इंदरगंजपासून चालत दहा मिनिटांवर एका वाड्याचा पुढचा भाग विक्रीस निघाला होता. तळमजला, अंगण, नळाला पाणी, दवाखाना जवळ. दाखविणारा गृहस्थ बोलण्यात अत्यंत आर्जवी. तीन भाऊ विकत आहेत, तिघांच्या सह्या तयार आहेत, असे त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला : "डॉक्टर साहब, आज बयाना दे दीजिए, नहीं तो कल कोई और ले जाएगा." रोग्याला घाई करू नका म्हणून सांगणाऱ्या मी दोन तासांत एक्कावन्न हजार रुपये नेऊन दिले. पावती एका साध्या कागदावर घेतली.

रात्री जेवताना घरात विषय निघाला. माझ्या आईला लष्करातल्या बहुतेक मराठी घराण्यांची तीन पिढ्यांची नाती तोंडपाठ. ती म्हणाली, "त्या घरात दोन मुलीही होत्या. थोरली इंदूरला दिली." दुसऱ्या दिवशी मी एजंटाला विचारले. तो हसून म्हणाला, "बहनों ने तो कब का छोड़ दिया है." शिवाय त्याने मला कायदाही शिकविला : वडील 2005 पूर्वी वारले, तेव्हा मुलींचा प्रश्नच उद्भवत नाही. आईने कोणाकोणाला विचारून थोरल्या बहिणीचा फोन नंबर मिळविला. मी संकोचतच फोन केला. त्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वाडा विकताहेत? मला कोणी विचारलंच नाही."

तो व्यवहार तेथेच थांबला. बयाना परत मिळण्यास आठ महिने लागले. एजंट म्हणे पैसे मालकाकडे, मालक म्हणत एजंटाकडे. मात्र माझ्या मनाला खरी टोचणी लागली ती पुढे कळलेल्या एका गोष्टीने. ज्याला मी 'माझा एजंट' समजत होतो, त्याचा विक्रेत्यांशी आधीच करार झाला होता. ठरलेल्या किमतीच्या वर जे मिळेल त्यातही त्याचा वाटा होता. मी ज्याला सल्ला विचारीत होतो तो समोरच्याचा माणूस होता, आणि 'तू कोणाचा?' हे विचारण्याचे मला सुचलेच नव्हते.

चांगला एजंट का मिळत नाही, याचे उत्तर मला या प्रश्नातच सापडते. थोडा हिशेब करून पाहू. समजा घर साठ लाखांचे आहे आणि एजंट दोन्हीकडून एकेक टक्का घेतो. म्हणजे त्याला एक लाख वीस हजार मिळणार. आपण त्याला सांगितले, 'दोन लाख कमी करून द्या.' ते झाले तर त्याचे नुकसान फक्त चार हजारांचे. पण ओढाताणीत व्यवहार मोडला तर एक लाख वीस हजार बुडाले. मग त्याचे हित कशात? भाव कमी होण्यातही नाही, वाढण्यातही फारसे नाही. सौदा लवकर उरकण्यात आहे. कागद तपासायला वकिलाकडे जातो म्हटले की त्याचा चेहरा का उतरतो, हे यावरून ध्यानात येईल. त्याला दुष्ट समजण्याचे कारण नाही. मोबदल्याची रचनाच तशी आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोघांनी अमेरिकेतील शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून 2008 मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतात, तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे 3.7 टक्के जास्त किंमत मिळवितात, असे त्यांना आढळले. ज्ञान तेच, बाजार तोच. फरक फक्त पैसा कोणाच्या खिशात जाणार एवढाच. त्याच अमेरिकेत एजंटांच्या दलालीवरून मोठा खटला झाला आणि तडजोडीनंतर ऑगस्ट 2024 पासून त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने नियम बदलला. आता खरेदीदाराचा म्हणवणारा एजंट घर दाखविण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार करतो आणि आपला मोबदला त्यात स्पष्ट लिहितो.

आपण डॉक्टरांनी यावर फार नाके मुरडू नयेत. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 मध्येच लिहून ठेवले की वैद्यकीय सेवेत विकत घेणाऱ्याला मालाची पारख नसते. त्याला विकणाऱ्याच्याच सल्ल्यावर विसंबावे लागते. म्हणून तर रोगी पाठविण्याबद्दल कमिशन घेणे-देणे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरविले. तो नियम किती पाळला जातो हा विषय येथे काढत नाही. स्मरणिकेचे जाहिरातदार नाराज व्हायचे! पण 'कट' म्हणजे काय आणि त्याने सल्ला कसा नासतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. घर घेताना आपण रोग्याच्या खुर्चीत असतो, एवढेच.

कायद्याची मदत किती, हेही पाहिले पाहिजे, कारण येथे मोठा गैरसमज आहे. 2016 चा रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. मध्य प्रदेशचे प्राधिकरण भोपाळला आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट वा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेला प्रकल्प त्याने विकावयाचा नाही, हिशेब ठेवावयाचा, आणि खरेदीदाराला पाहण्याचा हक्क असलेले कागद त्याला मिळवून द्यावयाचे. नोंदणीविना धंदा केल्यास दररोज दहा हजार रुपये, व्यवहाराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. बिल्डरलाही लेखी, नोंदविलेल्या कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही. सिटी सेंटर किंवा सिरोल रोडकडे नवा फ्लॅट घेणाऱ्याने प्रकल्पाचा आणि एजंटाचा असे दोन्ही नोंदणी क्रमांक मागून घ्यावेत आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावेत. महाराष्ट्राने तर 2023 पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली आहे.

परंतु हा सारा पहारा बिल्डरच्या प्रकल्पापुरता आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या लहान प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आणि जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जाते तेव्हा त्यातील मध्यस्थ या नोंदणीच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे इंदरगंज, दौलतगंज, जनकगंज या आपल्या वस्त्यांत, जेथे बहुतेक व्यवहार जुन्या घरांचेच, तेथे 'रेरा आहे ना' हा दिलासा पोकळ आहे. येथे आधार 1872 च्या करार कायद्याचा. एजंटाने मालकाच्या, म्हणजे ज्याने त्याला नेमले त्याच्या, नकळत स्वतःचा फायदा साधला तर तो फायदा मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. पण त्यासाठी आधी त्याला आपण नेमले असल्याचे सिद्ध व्हावयास हवे. साध्या कागदावरच्या बयान्याच्या पावतीने ते होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

लष्करची जुनी घरे इतकी गुंतागुंतीची का, यालाही इतिहास आहे. लष्कर हे नावाप्रमाणे लष्करच. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस मुक्काम केला, आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले. शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, फालका बाजार ही नावे त्या मुक्कामाची आठवण देतात. त्या वाड्यांच्या पाच-सहा पिढ्यांत तोंडी वाटण्या झाल्या. कोणी दत्तक गेले, कोणी नोकरीनिमित्त मुंबईला गेले ते परतलेच नाहीत, एखाद्या खोलीत चाळीस वर्षांचा भाडेकरू, आणि त्याच्यावर 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमाची छत्रछाया. काही जागा नजूलच्या, म्हणजे सरकारी. काही माफी-औकाफच्या, देवस्थानाच्या. देवस्थानच्या जमिनीचा मालक देव असून पुजारी केवळ व्यवस्थापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातील प्रकरणातच स्पष्ट केले. पुजाऱ्याच्या सहीने अशी जागा घेणारा दगडाच्या भिंतींचे पैसे देतो आणि हाती काही लागत नाही.

मुलींच्या हक्काचे सांगतो, कारण आपल्या समाजात याच मुद्द्यावर सर्वांत जास्त सौदे अडतात, आणि अडले पाहिजेत. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे की नाही, याबद्दल निकालांत मतभेद होता. माझ्या एजंटाचा 'कायदा' त्यातूनच आलेला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नसल्याचा निर्वाळा दिला. त्याआधीही वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुली वारस होत्याच. राखीच्या दिवशी 'मला काही नको' म्हणणे हे प्रेम झाले. हक्कत्याग झाला नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. तसेच मुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेण्याची जी जुनी रीत होती, त्याने मालकी मिळत नाही, असे 2011 च्या सूरज लॅम्प निकालाने ठरविले आहे.

एवढे सगळे खरेदीदाराने स्वतः पाहावयाचे, तर एजंट कशाला, असे कोणी विचारील. माझे मत निराळे आहे. कोणते घर निघाले आहे, कोणाला पैशाची निकड आहे, कोणत्या गल्लीत पावसाळ्यात पाणी भरते, हे त्यालाच ठाऊक असते आणि त्या ज्ञानाची किंमत देण्यात कमीपणा नाही. मात्र घर शोधणारा आणि कागद तपासणारा एकच असू नये. कागद तपासायला आपला वकील हवा. तोही एजंटाने सुचविलेला नको. तीस वर्षांचे दस्त, नामांतरणाची नोंद, जमीन नजूलची की खाजगी, बँकेचा बोजा, आणि सर्व वारसांची यादी, बहिणींसकट, एवढे पाहावयास वकिलाला काही दिवस आणि काही हजार रुपये लागतात. एका किरकोळ शस्त्रक्रियेपूर्वी आपण याहून अधिक तपासण्या लिहून देतो.

आणखी एक, खास आपल्या व्यवसायबंधूंसाठी. डॉक्टर हे प्रॉपर्टी डीलरचे आवडते गिऱ्हाईक आहे. त्याला वेळ नसतो, त्याच्याजवळ पैसा आहे असा समज असतो, आणि आपल्याला काही कळत नाही हे कबूल करणे त्याला जड जाते. ओपीडीच्या रांगेत नंबर लावून आत येणारा आणि नाडी दाखविण्याऐवजी नकाशा उलगडणारा मनुष्य मी पाहिला आहे. शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा ओढून पाडलेले प्लॉट असे कितीतरी डॉक्टरांच्या गळ्यात पडले आहेत. डायव्हर्शन झाले आहे का, कॉलनीला परवानगी आहे का, हे विचारल्यावर तो मनुष्य पुन्हा आला नाही.

शेवटी मला घर मिळाले ते ज्याच्यामार्फत, तो वयस्क गृहस्थ पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "देखिए डॉक्टर साहब, मैं बेचने वाले का आदमी हूँ. पैसा वही देगा. आप अपना वकील ले आइए." त्याने तीन घरे दाखविली आणि तिसऱ्याच्या दारात हळूच सांगितले की मागच्या भिंतीवरून शेजाऱ्यांशी दावा चालू आहे. आम्ही दुसरे घेतले. माझ्या वकिलाला कागद तपासायला सतरा दिवस लागले. तेवढे दिवस त्याने एकदाही फोन केला नाही. गृहप्रवेशाला त्याला आग्रहाने बोलाविले होते. आला, आईच्या पाया पडला, पुरणपोळी खाऊन गेला.

तो पहिला वाडा अजून तसाच उभा आहे. दवाखान्यात जाताना रोज दिसतो. इंदूरच्या बाईंशी भावांची बोलणी चालली आहेत असे आईच्या कानावर आले आहे. मधल्या काळात अंगणातले कडुलिंबाचे झाड वाढून पार भिंतीबाहेर आले. गेल्या दिवाळीपासून दारावर 'मकान बिकाऊ है' अशी नवी पाटी लागली आहे. तिच्यावरचा फोन नंबर मात्र निराळ्याच एजंटाचा आहे.